शनिवारचं तेल

मोटारीचा काटा पडला तेव्हा माझी माय मनातून खूश झाली होती. हे मी आजही मारुतीच्या पायऱ्यांवर उभा राहून सांगेन. मारुतीचं नाव मुद्दामच घेतो, कारण पुढं त्याचाही या भानगडीत हात आहे.

ती मोटार आमच्या गळ्यात कशी पडली ते आधी सांगतो. निजामी गेली, जहागिरी गेल्या, आणि सेलूकडच्या एका जहागीरदारानं झुंबरांपासून घोड्यांच्या खोगिरांपर्यंत सगळं विकायला काढलं. खोगीर घ्यायला गेलेला मी मोटार घेऊन आलो. त्या मोटारीनं मला जेवढं दमवलं तेवढं शेतीनं, संसारानं आणि तहसील कचेरीनं मिळूनही दमवलं नसेल. पुढून लोखंडी दांडा घालून फिरवावी तेव्हा चालू व्हायची. फिरवून फिरवून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला. आमचं गाव येलदरीच्या वाटेवर. धरणाच्या कामाचे ट्रक दिवसभर धुरळा उडवत जायचे, आणि त्यांचे ड्रायव्हर मला दांडा फिरवताना पाहून भोंगा वाजवायचे. सुरुवातीला राग यायचा. नंतर रागावण्याइतकंही त्राण राहिलं नाही.

आता मायची गोष्ट. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माणूस आवाजावरून ओळखायची आणि वस्तू जागेवरून. दिवाळी झाल्यावर परभणीला बाहेरगावचे डॉक्टर मोतीबिंदू काढायला येणार, असं कळलं. ते एकदा येऊन गेले की पुन्हा कधी येतील याचा भरवसा नव्हता. आमचा जिंतूरचा वैद्य तर म्हणाला होता, या खेपेला राहिलं तर डोळे गेलेच म्हणून समजा. मी मायच्या मागं लागलो. महिनाभर लागलो. बोलून बोलून माझा घसा बसला. शेवटी ती म्हणाली, "येते. पण मोटारीच्या सर्विसनं न्हाई यायची. तिथं मला वकाऱ्या येतात. आपल्या मोटारीनं नेतूस का? मग येते."

सर्विस म्हणजे तिच्या भाषेत एसटी. मी लगेच कबूल झालो. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, आत्याबाईंनी हुकार दिला न्हाई. आपली मोटार परभणीपत्तोर जात न्हाई, म्हणून तसं म्हणल्यात त्या."

पेट्रोल परवडायचं नाही, म्हणून मी मोटार आठवड्यातून एकदा, रविवारी, अंगणातच चालू करून ठेवायचो. नवरात्र संपलं, त्यानंतरच्या रविवारी चालू केली आणि पाहतो तर पुढच्या फळीवरचा तेलाच्या दाबाचा काटा निम्म्यावर. इंजिनातलं तेल जोरात वर चढून सगळीकडे पोचतंय की नाही, हे तो काटा सांगतो. तो उजवीकडे तणून उभा राहिला पाहिजे. डावीकडे निजला आणि आपण तसंच दामटलं, तर लोखंडावर लोखंड घासून इंजिन वाटेतच कायमचं जाम व्हायचं.

मी मोठ्यानं ओरडलो, "तेल कमी दाखवायलाय!"

ओसरीवर तपकीर ओढत बसलेल्या मायनं विचारलं, "लय कमी हाय का रे?"

"लय!"

"मग आता कसं व्हायचं परभणीचं?" तिनं एवढ्या दुःखानं विचारलं की मला तिच्या तोंडाकडं बघावं लागलं. दुःख कुठंच दिसत नव्हतं.

तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल खुणेपर्यंत होतं, उलट बोटभर वरच. म्हटलं, असू दे. पुढच्या रविवारी काटा आणखी खाली, आणि पट्टीवर तेल आणखी वर! आता सांगा, ही मोटार गेली सहा वर्षं तेल पीत आली होती. दर महिन्याला पावशेर ओतावं तेव्हा तिचं भागायचं. ती आता तेल प्यायचं सोडून तेल देऊ लागली. गायीसारखी पान्हावली म्हणावं तर मी काही तिला सरकी चारली नव्हती.

काटाच खोटं बोलत असेल म्हणून इंजिनापासून काट्यापर्यंत जाणारी तांब्याची नळी सैल केली आणि बायकोला म्हटलं, दांडा फिरव. ती फिरवत असताना शेजारची चार माणसं कुंपणावर येऊन उभी राहिली. त्या दांड्यानं तिला कमी आणि मला जास्त लाज आणली. इंजिन चालू झालं. नळीतून तेलाची धार उडायला हवी होती. ती सुटली ताकासारखी, पातळ आणि कंटाळलेली. म्हणजे काटा खरा होता. नंतर स्क्रू पिळायचा लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. आतली बेअरिंगं झिजली असती तर टकटक ऐकू आली असती. टकटक नव्हती. जिंतूरचा मिस्त्री एसटीतून उतरून मोटार न बघताच म्हणाला, "बेरिंगां गए, दादा. इंजन खोलना पडता." इंजिन खोललं की दिवाळी जाणार, डॉक्टर जाणार आणि मायचे डोळे जाणार. मी अंगणात मोटारीच्या पायरीवर बसलो तो बसलोच. उठायची इच्छा होईना.

दिवाळी झाली. परभणीला निघायला दोन दिवस राहिले होते, तेव्हा मारुतीचा गुरव तणतणत आला.

"दादा, गावात कुनाचं तरी मारुतीसंगं वाकडं हाय. दर शनवारी देवाच्या अंगावर कोन तरी राकेल वततंय!"

"राकेल?"

"राकेल! शेंदूर समदा वगळायलाय. देवाचं पोट उघडं पडलं. मी उदबत्ती लावायला भेतो. पेटला म्हंजी?"

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. आणि हसता हसता थांबलो. शेंदूर तेलात धरून राहतो आणि राकेलात ओघळतो. दाट असलेलं पातळ होतं. मी उठलो, पट्टी काढली आणि नाकाशी नेली. इतके दिवस मी ती पट्टी डोळ्यांनी पाहत होतो, वास एकदाही घेतला नव्हता. बोटांवर तेल चोळलं. चिकटपणा नाही, पाण्यासारखं निसटलं. गुरवाच्या नाकाशी धरली.

"ह्योच!" तो किंचाळला. "देवाला ह्योच वास हाय!"

आता गावात दर शनिवारी न चुकता मारुतीला तेल घालणारी, आणि माझ्या मोटारीपर्यंत हात पोचणारी बाई एकच होती. ओसरीवर तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता तिचा हात थांबला.

"माय," मी म्हटलं, "मारुतीला तेल कोणत्या डब्यातलं नेतीस?"

"डाव्या हाताच्या. लगीन झाल्यापासून डाव्या हाताच्या."

आतून बायको कपाळाला हात लावून बाहेर आली. नवरात्राआधी घर सारवताना तिनं कोठीतले डबे काढले होते आणि परत ठेवताना गोडं तेल उजवीकडे गेलं, राकेल डावीकडे. तिला दिसत होतं, म्हणून तिला फरक पडला नाही. आणि तपकिरीनं मायचं नाक कधीच निकामी केलं होतं.

"आन मोटारीत?" मी विचारलं.

"देवाला घालून उरलेलं फेकावं का?" माय म्हणाली. "आदी मी दाराच्या बिजागरीला लावायची. तू दर म्हैन्याला वरडायचास, तेल कमी हाय, मोटार तेल पिती. म्हणलं, मारुतीचं तेल हाय, गुण येईल. पयल्यांदा वाटीभर घातलं. तू म्हणलास लय कमी. मग तांब्याभर घातलं."

"आन झाकण कसं घावलं तुला?"

"तूच न्हाई का सांगितलं, हितं हात लावू नको, हितून तेल घालतेत म्हणून?"

बायको हळूच मला म्हणाली, "मुद्दाम तर न्हाई केलं आत्याबाईंनी?" मलाही ती शंका आली होती. पण मी मायकडं पाहिलं आणि शंका गिळून टाकली. ती गुरवाच्या आवाजाच्या दिशेला हात जोडून बसली होती.

"किती शनवार झालं रे?" तिनं विचारलं. "देवाला राकेल घातलं म्या. पोट उघडं पडलं म्हणतूस?" नंतर माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "मोटार नीट कर. न्हाई झाली तर सर्विसनं जाऊ. वकाऱ्या आल्या तर येऊ दे."

इंजिनाखालचा बोल्ट काढला. काळं पाणीच पडलं. थोडं नवं तेल घालून इंजिन जरा फिरवलं, तेही काढून टाकलं, आणि मग सणासुदीसाठी जपून ठेवलेला इंजिनाच्या तेलाचा सगळा डबा आत ओतला. दांडा फिरवला. काटा थरथरला, उजवीकडे गेला, तणून उभा राहिला. मी ओरडायच्या तयारीत होतो, पण तोंड उघडलं तर जांभई आली.

परभणीपर्यंत मी रस्ता कमी आणि काटा जास्त पाहिला. मागून माय मधूनमधून विचारायची, "उभा हाय का?" आणि मी म्हणायचो, "उभा हाय." पुलापाशी, चढावर, रेल्वेच्या फाटकाशी, दरवेळी तेच. तिला कशाची भीती वाटतेय हे मला कळत होतं, म्हणून मीही दरवेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं.

ऑपरेशन झालं, डोळ्यांवरच्या पट्ट्या निघाल्या, जाड काचांचा चष्मा आला. न्यायला गेलो तेव्हा माय दवाखान्याच्या दाराशी उभी होती. आधी तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "एक खांदा पडला की रे तुझा." मग मोटारीकडं पाहिलं. गंजलेल्या चाकापाशी गेली, दोरीनं बांधलेल्या दारापाशी गेली, फाटलेलं छत बोटानं चाचपलं. आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हिच्यात?" ती म्हणाली. "हिच्यात बसवून आणलंस मला?"

"हिच्यातच."

"आंधळी होते म्हणून बसले," माय म्हणाली, आणि पदर खोचून सर्विसच्या थांब्याकडं चालू लागली.