गावच्या हंड्यांची भट्टी

तात्या भट्टीवाल्यांनी जन्मभर मोहाची दारू गाळली, पण स्वतः कधी थेंब चाखला नाही. नव्या दारूचे चार थेंब निखाऱ्यावर टाकायचे आणि ज्योत निळी उठली की मान डोलवायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "जीभ खोटं बोलते रं. आग नाय बोलत." आमच्या पळसदरीत असा कोरडा दारूवाला दुसरा झाला नाही.

रेल्वेमुळे घाटाखाली माणूस वाढला तसं गिऱ्हाईकही वाढलं. मातीची मडकी तडकू लागली, तांब्याचं मोठं भांडं हवंच झालं. कर्जतचा सावकार पैसे द्यायला एका पायावर तयार होता. पण तात्यांनी हात जोडले. "त्याचा पैसा झोपत नाय, अन् आपल्यालाबी झोपू देत नाय." आणि हा बाबा सरळ पाणवठ्यावर जाऊन बायकांपुढं उभा राहिला! "तुमचे तांब्याचे हंडे द्या गं. वितळवून एक भांडं करतो. दोन हंगामांत जिचा तिला नवा हंडा देतो, वर नफ्यातला वाटा." तात्यांचा शब्द म्हणजे शब्द. घरोघरचे माहेरचे हंडे निघाले. माझ्या आईनंही दिला. काकींचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, सगळ्यांत आधी गेला.

एक हंगाम झकास गेला. मग सरकारचा नवा कायदा आला: दारू गाळायची ती ठेकेदारानंच, गावच्या भट्ट्या बंद. शिपाई भांडं उचलायला आले तेव्हा तात्या आडवे आले. "भट्टी माजी हाय, ती मोडा. भांडं गावाचं हाय, त्ये नका नेऊ." ऐकतो कोण? भांडं बैलगाडीत घालून नेलं.

गावात कुणी त्यांना वावगा शब्द बोललं नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. आईला एकदा म्हणाले, "वैनी, चार शिव्या द्या. निदान घास तरी गिळंल." आई मातीचा घडा घेऊन पाण्याला निघून गेली.

त्यानंतर तात्या घाटात रेल्वेची खडी फोडायला जाऊ लागले. पैसे साठले की एक हंडा घ्यायचे, डोक्यावरून गावात आणायचे आणि कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून निघून जायचे. आमचाही असाच आला. मला वाईट वाटतं ते याचं, की त्यांना "आता पुरे" म्हणणारं गावात कुणी निघालं नाही. हंडा हवा होता ना सगळ्यांना!

खडी फोडता फोडताच ते खंगले आणि गेले. शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवायला त्यांच्या घरात धड भांडं नव्हतं. प्रेताच्या पाण्याला आपलं पिण्याचं भांडं कुणी देत नाही, पण त्या दिवशी गावच्या बायका एकामागून एक हंडे भरून आल्या. शेवटच्या दोघी मातीचे घडे घेऊन आल्या. काकी तोवर रडल्या नव्हत्या. त्या घड्यांकडं बघून त्यांना हुंदका फुटला, "तुमचे दोघींचे राह्यले गं!"