साळवेमामांची तीन बटणं

बुधवार, १९ नोव्हेंबर.

बरेच महिने इथे ब्लॉगवर काही लिहिलं नाही, माफ करा. लिहायला बसायचे, पण दिवसभरात कुणाशी धड बोलणंच झालेलं नसायचं... मग लिहिणार कशाबद्दल.

मी नगरजवळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग बघते. विभाग म्हणजे मी एकटी, एक काचेची खोली आणि एसीचा आवाज. पुण्याहून बदली घेऊन आले त्याला दोन वर्षं झाली. भिंगारला खोली घेऊन राहते.

या दोन वर्षांत रोज अकरा वाजता काचेवर टकटक व्हायची. स्टोअरचे साळवेमामा... चहाचे दोन्ही कप डाव्या हातात, टकटक उजव्या हाताच्या मुठीनं. बोलणं फार नसायचं. त्यांच्या गावची, बेलापूरची लिंबं, माझी चुकलेली बस, असलंच काहीतरी. दहा मिनिटं.

दिवाळीनंतर ती टकटक बंद झाली.

दिवाळीआधी त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता, बेलापूरला. त्यांनी आग्रहानं बोलावलं होतं आणि मी गेले नाही. अनोळखी घरात एकटीनं जाऊन बसायचं म्हणजे... त्याचाच राग असणार, असं मी धरून चालले. दोनदा माफीचा मेसेज टाइप केला, दोनदा पुसला.

काल स्टोअरच्या साहेबांचा फोन आला. साळवेमामांना एक तारखेपासून गेटच्या वहीवर बसवतोय, त्यांचं लॉगिन बंद करा म्हणाले. हल्ली एंट्री करायला फार वेळ लावतात, स्टोअरच्या खिडकीवर लाइन साचते. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेला माणूस, तेवीस वर्षं त्याच खिडकीत बसलेला...

लॉगिन बंद करण्याआधी एकदा स्वतः जाऊन बघावंसं वाटलं. खिडकीबाहेर सात-आठ कामगार पार्टसाठी उभे होते. त्यातला एक म्हणत होता, "मामा, आमी जेवून येऊ का तवर? तुमचं निवांत चालू द्या." सगळे हसले. मामाही हसले.

त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता. डावा हात अख्खा कीबोर्ड ओलांडून सेव्हच्या F10 पर्यंत जायचा, बटण शोधायचा, परत यायचा. प्रत्येक ओळीला.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. आमचा स्टॉकचा प्रोग्राम जुना आहे, काळ्या स्क्रीनचा, माउस न चालणारा. नव्या पीसीवर तो टर्मिनल एम्युलेटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. कुठलं बटण दाबलं की त्या प्रोग्रामला काय कळवायचं, हे त्यात ठरवून द्यावं लागतं. त्याला की मॅपिंग म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी तेच काम उरकलं होतं. बारा मशीनवर बारा तऱ्हा होत्या. मी एकच मॅपिंग तयार केलं, सगळीकडे टाकलं, आणि कुणी परत बदलू नये म्हणून सेटिंगला पासवर्ड लावला. घरी जाताना फार समाधान वाटलं होतं... तेही आता लिहून ठेवते.

खोलीत परत येऊन मामांच्या मशीनच्या जुन्या सेटिंगची, बदलण्याआधी काढून ठेवलेली कॉपी उघडली. माझ्या फाइलशेजारी लावून पाहिली. तीन ओळींचा फरक होता. सेव्ह करणं, मागे जाणं आणि यादी उघडणं, ही तिन्ही कामं उजवीकडून काढून डाव्या कोपऱ्यात आणलेली. एस्केपच्या खालचं बटण, F1 आणि F2.

तेव्हा कुठे मला ते एका हातातले दोन कप दिसले. दोन वर्षं रोज समोर होते.

आज सकाळी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. तरुणपणी प्रेस मशीनमध्ये उजवा हात सापडला, दोन बोटं सरळ होत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. मेन्यू धुंडाळून ती तीन बटणं त्यांनीच बदलली होती. मग मला सांगितलं का नाही, असं विचारलं.

त्यांनी कीबोर्ड थोडा पुढे सरकवला. "मॅडम, तुमी समद्यांना एकसारखं केलं. मंग मला एकट्याला येगळं द्या असं कसं म्हनू? आन् पासवर्ड लावलेला. म्हटलं, मी बदललं म्हनूनच लावला आसंल. तुमी चिडला आसाल... मंग चहा घिऊन यायचं कसं?"

मी साखरपुड्याचं काढलं, आले नाही त्याची माफी मागितली.

"तुमी आला न्हवता व्हय?" ते म्हणाले. "लई गर्दी हुती ओ, ध्यानातच न्हाई."

तीन आठवडे मी ज्या रागाला घाबरत होते, तो नव्हताच. हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण थोडं आणखी काहीतरी वाटलं, ते काय हे अजून नीट कळलेलं नाही.

तीन ओळी परत टाकल्या. मामांचा डावा हात जागच्या जागी चालायला लागला, बघताबघता खिडकी रिकामी झाली. साहेबांना मेल केला, उशीर माझ्या सेटिंगमुळे होत होता, मामांमुळे नाही. संध्याकाळी उत्तर आलं, गेटचं रद्द.

अकरा वाजता मात्र टकटक झाली नाही. त्यांच्या खिडकीवर तेव्हा गर्दी असेल... किंवा सवय मोडली असेल. उद्या कळेल.

बाकीच्या अकरा मशीनच्या जुन्या कॉप्याही उघडून बसले आहे. प्रत्येकीत काही ना काही वेगळं आहे. का आहे, ते फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच विभागात एक ताई बसतात, त्यांच्या फाइलमध्ये पाच ओळींचा फरक आहे. लॉगिन नुसतं 'डिस्पॅच दोन' असं आहे, नाव नाही.

उद्या : डिस्पॅचला जाऊन त्या ताईंचं नाव विचारणं.