छातीवरची फुली

पेंटरला सगळे ओळंबा म्हणत, भिंत सरळ आहे का बघायच्या गवंड्याच्या दोरीवरून. वाकडं टांगलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागत. सासऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेला, तेव्हा नमस्काराच्या आधी त्याने भिंतीवरचा त्यांच्या वडिलांचा फोटो सरळ केला म्हणे. हे त्याची बायकोच सांगते, आणि दर वेळी थोडं वाढवून. चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हातात ब्रश आणि ओठांत विडी. अक्षर असं, की दुकान बुडालं तरी लोक पाटी बघायला थांबत.

मग खोकल्यातून रक्त आलं. स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ निघाली, मोठ्या रक्तवाहिनीला खेटून. त्याच्या एकट्यासाठी तीन डॉक्टर एका टेबलाशी बसले: कापणारा, किरण देणारा आणि औषधवाल्या बाई. दार अर्धवट उघडं होतं. बायकोने कान लावला.

"अहो, तुमच्यावरून जुंपलीय. एक म्हणतो आत्ता हात घातला तर रक्तवाहिनी फाटेल, बाई म्हणतात आधी औषध, तिसरा म्हणतो नुसत्या औषधाने काय होतंय."

"जन्मात पहिल्यांदा माझ्यावरून कुणी भांडतंय," पेंटर म्हणाला, "भांडू दे की."

शेवटी ठरलं ते असं: पंचवीस दिवस किरण, सोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध, मग पुन्हा स्कॅन. गाठ रक्तवाहिनीपासून सुटली तर ऑपरेशन. नाही सुटली, तर नाही. बाकी सगळं पेंटरच्या डोक्यावरून गेलं. सुटली पाहिजे, एवढं त्याने धरून ठेवलं.

किरणांच्या खोलीतल्या मुलीने त्याच्या छातीवर आणि दोन्ही कुशींवर जांभळ्या शाईने फुल्या काढल्या. "काका, रोज याच्यावरच नेम धरायचाय. हात लावू नका."

दहा दिवस त्याने दम धरला. अकराव्या दिवशी आंघोळीनंतर आरशात बघितलं, तर छातीवरची फुली चक्क डावीकडे कललेली. त्याने टर्पेंटाइनच्या बोळ्याने ती पुसली आणि बारीक ब्रशने बोटभर उजवीकडे नवी काढली. काय देखणी फुली!

"अहो, आत काय चाललंय?"

"काही नाही. दुरुस्ती."

मशीनखाली झोपवल्यावर लाल उजेडाच्या रेघा कुशींवरच्या फुल्यांवर बरोबर पडल्या, छातीवरची मात्र चुकली. मुलीने दोनदा बघितलं.

"काका, ही माझी फुली नाही."

"तुझी वाकडी होती, पोरी."

ती पांढरीफटक पडली. "फुली वाकडी नव्हती, काका. तुमची छाती वाकडी आहे."

किरणवाला डॉक्टर धावत आला आणि मुलीवरच डाफरला. "तिला नका बोलू," पेंटर म्हणाला, "हे माझे उपद्व्याप." पुन्हा मापं, पुन्हा स्कॅन, पुन्हा सगळी आखणी. यात चार दिवस बुडाले. ते चार दिवस तो घरी हात मांडीखाली दाबून बसून होता. प्रत्येक गोष्ट तिखटमीठ लावून सांगणाऱ्या बायकोने ही गोष्ट मात्र कुणालाही सांगितली नाही.

पंचवीस दिवस भरले. या वेळी दोघांना आत बोलावलं. गाठ लहान झाली होती, पण रक्तवाहिनीला चिकटलेलीच होती. सर्जनने चष्मा काढून ठेवला. "ऑपरेशन होणार नाही. किरण आणखी काही दिवस वाढवू, औषध चालू राहील." धाप आणि दुखणं आवाक्यात ठेवायला आणखी एक डॉक्टर येतील, असं बाई म्हणाल्या. बरं होण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

"ते चार दिवस गेले नसते," पेंटरने विचारलं, "तर सुटली असती?"

"नाही," तिघंही एकदम म्हणाले.

बायकोने डोळे मिटून श्वास सोडला. पेंटर मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत या तिघांचं एका दमात कशावरही जमलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला, "उरलेले किरण कधीपासून?"

"आजपासूनच."

पेंटर उठला, आणि जिन्यापर्यंत पोचायच्या आतच शर्टाची बटणं काढायला लागला.