कल्याणहून दिसलेला गोठा

त्या जानेवारीत मी लडाखहून एकटी परतले नाही. माझ्यासोबत आचे होती. त्यांच्या बोलीत आचे म्हणजे मोठी बहीण. हिमबिबट्यांच्या अभ्यासासाठी मी ज्या गावात हिवाळे काढत होते, तिथे तिच्याच घरी राहायचे. डोंगरावर कॅमेरे लावायला आणि भरल मोजायला माझ्यासोबत तीच यायची. भरल म्हणजे तिकडची निळसर रानमेंढी, हिमबिबट्याचं मुख्य खाणं. आचे मला नोमो म्हणायची, म्हणजे धाकटी. बोलायचो हिंदीत, तिची हिंदी वेगळी, माझी कल्याणची वेगळी.

तिचा उजवा गुडघा पार झिजलेला. चढताना ती दगडाला हात लावून थांबायची आणि मी बघतेय असं दिसलं की दुर्बीण डोळ्याला लावायची. शेवटी मीच म्हटलं, ठाण्याला ऑपरेशन करून घेऊ, आमच्याकडे राहा. तिचा नवरा तयार झाला. तिला मात्र घर सोडवत नव्हतं. "बकऱ्यांकडे कोण बघेल?" हा तिचा एकच प्रश्न. नवरा म्हणाला, "मी काय मेलोय?" त्यावर ती हसली आणि सामान भरायला लागली.

आमचं घर कल्याण पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. पप्पा एसटीच्या ठाण्यातल्या खोपट डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर. आई अंगणवाडीत होती. जानेवारी म्हणून आईने स्वेटर घातलेलं आणि आचे दारातून आत आली ती पंख्याकडे बोट दाखवत. पाणी पिऊन तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे थंडी कधी सुरू होते?"

"अहो, हीच थंडी," पप्पा म्हणाले. तिला वाटलं ते चेष्टा करतायत.

ठाण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन नीट झालं. पण पुढे दीड महिना व्यायाम, वॉकर आणि घर. घरात बसणं हे तिला शिक्षेसारखं होतं, आणि मलाही. घरी आले की मला स्वस्थ बसवतच नाही. लॅपटॉपवर हजारो फोटो चाळायचे असायचे. कॅमेऱ्यासमोरून जे जाईल त्याचा फोटो निघतो, त्यामुळे शंभरातले नव्वद फोटो बकऱ्यांच्या पार्श्वभागाचे. अर्धा तास काम केलं की मी उठायचे, बाल्कनीत जायचे, मलंगगडाची रांग धुरकट दिसतेय का बघायचे, परत यायचे. फ्रीज उघडायचे, बंद करायचे. आई वैतागायची. "अगं, एका जागी टेक ना जरा. घरात दोन-दोन भुतं फिरतायत नुसती."

दुसरं भूत म्हणजे आचे. वॉकर टकटक वाजवत ती हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये. मधूनच माझ्या मागे उभी राहून फोटो बघायची. एकदा फोटोत तिचा नवराच निघाला, कड्याखाली आरामात पाय पसरून विडी ओढत बसलेला. त्याने विडी सोडल्याला वर्ष झालं असा तिचा समज होता. त्या संध्याकाळी फोनवर त्याची जी काही खरडपट्टी निघाली, तिच्यातला शब्दही न कळता आई पोट धरून हसली.

आईचं आणि तिचं छान जमलं. आम्ही बौद्ध, तीही बौद्ध, पण दोघींच्या रीती अगदी निराळ्या. संध्याकाळी आई बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण, पंचशील म्हणायची. आचे शेजारी खुर्चीवर माळ ओढत तिचा मंत्र पुटपुटायची. "आमच्यात माळ नाही," आई मला हळूच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण हात रिकामे राहत नाहीत, ते बरंय."

याच दिवसांत मला नोकरी चालून आलेली. वागळे इस्टेटमधली एक सल्लागार कंपनी, बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी पर्यावरणाचे अहवाल तयार करणारी. पप्पांना ती फारच पसंत होती. "खोपटहून रिक्षाने दहा मिनिटं. एसी ऑफिस. अजून काय पाहिजे?" मी मुलाखत देऊन आलेले, हो-नाही काहीच कळवलं नव्हतं. तिथल्या खिडकीतून समोरच्या वर्कशॉपचे पत्रे दिसत होते. साहेब प्रश्न विचारत होते आणि माझं लक्ष त्या पत्र्यांवर बसलेल्या घारीकडे.

फेब्रुवारीतली ती सकाळ. नाश्ता झालेला. आचे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय दाबण्याचा व्यायाम करत होती. तिच्या नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. तो नेहमी संध्याकाळी करायचा. तिने फोन उचलला आणि तिचा पाय दाबता दाबताच थांबला.

तो काय बोलला ते मला तुटक कळलं. त्यातला 'शान' हा शब्द मात्र स्पष्ट कळला. शान म्हणजे हिमबिबट्या. रात्री छपराच्या झरोक्यातून तो त्यांच्या गोठ्यात उतरला होता. निम्म्याहून जास्त बकऱ्या-मेंढ्या मेल्या होत्या. खाल्ली होती एखादीच. बंद जागेत शिरला की तो असंच करतो. सैरावैरा धावणाऱ्या प्रत्येक जनावरावर झेप घेत सुटतो. आणि झरोका उंच असल्याने त्याला परत वर चढता आलेलं नव्हतं. तो अजून आतच होता. गोठ्याचं दार बाहेरून लावलेलं, आणि दारापाशी गावातली माणसं जमलेली. काहींच्या हातात दगड, काहींच्या हातात काठ्या.

नवऱ्याने फोन दाराच्या फटीला लावला. आधी काळोख, मग लोकरीचे ढीग. मागच्या कोपऱ्यात दोन डोळे. शेपूट अंगाभोवती गुंडाळून ते जनावर भिंतीला इतकं चिकटलेलं की दगडच वाटावं. मी फोनच्या इतक्या जवळ गेले की आचेने मला कोपराने मागे सारलं.

त्या खोऱ्यात एक मादी आमच्या ओळखीची होती. तिच्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं. तिचे फोटो आईलाही दाखवलेले, आई म्हणालेली, "ही तर बांडी आहे गं." तीन हिवाळे आम्ही दोघी तिचा माग काढत होतो. मला शेपटीचं टोक बघायचं होतं. ते दिसत नव्हतं.

"काय करू?" नवरा फोनवर विचारत होता. गोठा तिचा होता, माहेरून मिळालेल्या बकऱ्यांपासून वाढवलेला. गावाने निर्णय तिच्यावर सोपवला होता. दार उघडायचं, की आतच संपवायचं.

आचे उभी राहिली. वॉकर न घेता. पप्पा धावले, तिने त्यांना हातानेच थांबवलं. मग माझ्याकडे वळली.

"नोमो, तू सांग. माझ्या जागी असतीस तर?"

मी तोंड उघडलं. कार्यशाळांमध्ये, गावसभांमध्ये मी हेच बोलत आलेले: हिमबिबट्या राहिला तर डोंगर राहील. त्या क्षणी ते वाक्य मला उच्चारताच येईना. तिच्या मागे टीव्ही चालू होता, कुकरची तिसरी शिट्टी झाली, आणि मी म्हटलं, "मला ते जिवंत हवंय. पण बकऱ्या माझ्या नाहीत, आचे. मी तुझ्या जागी नाही."

"म्हणजे काहीच सांगितलं नाहीस," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "दीदी, तुम बोलो. तुम तो रोज बोलती हो, जीव नहीं मारना."

आईने पदराला हात पुसले. तिची हिंदी कल्याणच्या बाजारातली. "बोलती हूँ, रोज बोलती हूँ. लेकिन मेरे घर में घुस के कोई ऐसा करता, तो मेरे को शील याद आता क्या, मालूम नहीं. मैं नहीं बोलेगी तुमको."

आचे फोनमध्ये ओरडली. काय ओरडली ते मला आजही ठाऊक नाही, मी कधी विचारलं नाही. चित्र थिजलं. नवऱ्याचा चेहरा अर्धवट, तोंड उघडं. मग फोन कट.

आम्ही पुन्हा लावला. पुन्हा. त्या गावात नेटवर्क म्हणजे वाऱ्याची मर्जी. गावातल्या दुसऱ्या कुणाचाही फोन लागेना. मध्येच आमच्या प्रकल्पाच्या प्रमुखांचा मला कॉल आला. त्यांना कुठूनतरी बातमी पोचलेली.

"तू तिच्याजवळच आहेस ना? तिला समजाव. जनावर वाचवायचा हा चान्स आपण घालवता कामा नये."

"तिचा अर्धा गोठा गेलाय, सर."

"ते बघू आपण नंतर. आधी जनावर."

मी फोन ठेवून दिला. आचे बघत होती. तिला मराठी येत नव्हती, पण मला वाटतं तिला सगळं कळलं.

दुपारी फिजिओथेरपीची वेळ होती. ती रद्द करूया म्हटलं तर ती ऐकेना. "बसून काय करू?" म्हणाली. रिक्षात ती फोन मांडीवर उलटा ठेवून बसलेली. फिजिओच्या बाईंनी गुडघा वाकवला तेव्हा रोज ओरडणारी आचे त्या दिवशी हूं की चूं नाही. बाई खूश झाल्या. "बघा, किती प्रोग्रेस आहे!" मी जिन्यावर जाऊन वर-खाली करत राहिले. वॉचमनने विचारलं, "मॅडम, कुणाला शोधताय का?" मी नाही म्हटलं आणि तरी चालत राहिले. माझ्या डोक्यात ते दोन डोळे होते. आणि दर खेपेला त्यांच्यासोबत ते लोकरीचे ढीगही.

कॉल आला तेव्हा घरी पोचून चहा चालू होता. नवरा अंगणात उभा. त्याच्या बोलण्यातलं आचेने मला नंतर सांगितलं. फोन कट झाल्यावर लोक म्हणाले, ती मारा म्हणाली. काही म्हणाले, सोडा म्हणाली. त्याला स्वतःला नीट ऐकूच आलं नव्हतं. मग त्याने सगळ्यांना मागे हटवलं आणि दार उघडलं. जनावर बराच वेळ बाहेरच येईना. मग आलं ते सगळ्यांच्या मधून, पोट जमिनीला घासत. आणि ते जाताना त्याने स्वतःच एक दगड उचलून मारला. तो कंबरेत बसला. ते लंगडत ओढ्यापलीकडे गेलं.

"सोडलं, मग दगड का मारला?" मी विचारलं.

"बकऱ्या त्यानेही वाढवल्या होत्या," आचे म्हणाली.

ती नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आईची वंदना आटोपल्यावर, माळ हातात घेऊन ती म्हणाली, "मी तिथे असते तर मारलं असतं. तुझ्यासमोरसुद्धा." आवाजात राग नव्हता. आईने मेणबत्तीची वात चिमटीने विझवली आणि विचारलं, भाकरीसोबत काय खाणार.

मार्चमध्ये मी तिला पोचवायला गेले. गोठा धुतलेला होता. झरोक्यावर आमच्या प्रकल्पाने लोखंडी जाळी बसवून दिलेली, आधीच बसवायला हवी होती ती. उरलेल्या मेंढ्या मला बघून बिथरल्या. आचे वाकून, नव्या गुडघ्यावर जोर न देता, एकेकीच्या कानांमागे हात फिरवत गेली. मी दाराशीच उभी राहिले. आत बोलावेपर्यंत जायचं नाही असं मला वाटलं, आणि तिने बोलावलं नाही.

वागळे इस्टेटची नोकरी मी घेतली, पण पूर्ण वर्षाची नाही. पावसाळा आणि उन्हाळा ठाण्यात, हिवाळा वर. कंपनीला हे कसं पटलं देव जाणे. पप्पा म्हणतात ही नोकरी नव्हे, पाहुणचार. खाडीकाठच्या प्लॉटवर पक्षी मोजायला जाते तेव्हा बरं वाटतं. मग अहवालात तेच पक्षी 'नगण्य' या शब्दाखाली घालावेत म्हणून मेल येतो आणि मी उठून पाणी प्यायला जाते. दोनदा तो शब्द मी खोडलाय. तिसऱ्यांदा खोडू देतील का, माहीत नाही.

लडाखला अजून आचेच्याच घरी उतरते. कॅमेरे लावायला आता तिचा दीर येतो. ती गुडघ्याचं कारण सांगते. गुडघा चांगला आहे. इंधनासाठी शेण गोळा करायला ती माझ्याहून भरभर चढते.

लंगडणाऱ्या जनावराचा फोटो आजवर एकाही कॅमेऱ्यात आलेला नाही. तुटक्या शेपटीच्या मादीचाही नाही. ती दोन्ही एकच होती की नाही, हेही मी सांगू शकत नाही. संध्याकाळी खाली उतरले की आचे मला बटर चहा देते आणि भरल कुठे दिसले, पिल्लं होती का, ते विचारते. एवढंच विचारते. मी पिल्लांचं सांगते. मग ती आईला फोन लावून माझ्या हातात देते, आणि आई विचारते, "किती दिवस राहणार गं यंदा?" मी सांगते, माहीत नाही, आणि बोलता बोलता उठून अंगणात येते.