टबातली जायपत्री

रायपूर राजधानी झालं तेव्हा मंत्रालय आलं, रुंद रस्ते आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. समुद्र तेवढा मंजूर झाला नाही! त्यामुळे इथल्या निवृत्त कारकुनाने पाण्याखालचे फोटो काढायचं मनावर घेतलं, की पहिला धड फोटो निघायच्या आधीच किस्से ढिगाने जमतात.

*

माझी मुलगी अंदमानला बँकेत असते. तिने वॉटरप्रूफ कॅमेरा पाठवला आणि फोनवर म्हणाली, "बाबा, इथे खडकांवर नखाएवढ्या रंगीत गोगलगायी असतात. शंख नाही, नुसती झालर! दिवाळीत या."

त्याच संध्याकाळी ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या ओट्यावर मी जाहीर केलं, की इथल्या मराठी मंडळींच्या संक्रांत मेळाव्यातल्या प्रदर्शनात माझा समुद्री फोटो लागणार. प्रदर्शन देहनकरच्या ताब्यात. रेल्वेतून निवृत्त झाला, पण अजून सगळ्यांना लाल झेंडीच दाखवतो.

"तुले पोहता येते काय?"

"तरंगता येते."

"मंग खाली काहून जाऊन राहिला?"

*

सराव घरीच सुरू केला. कपड्यांच्या टबात पाणी भरलं. गोगलगाय कुठून आणायची? बायकोच्या मसाल्याच्या डब्यातून! दगडफूल टाकलं की खडक तयार. लवंग बुडवली की कुठलातरी डोकेवाला जीव. आणि जायपत्री! पाण्यात ती अशी काही फुलते, की मी टबाशेजारी पालथा पडून टाळ्या वाजवल्या.

डब्यातली एक लवंग कमी झाली तरी बायकोला कळतं. ती म्हणाली, "भाजीत मसाला नाही, अन् टबात पुलाव शिजून राहिला!"

फोटो ओट्यावर दाखवले. शेजारचे साहू भैया हरखले, "गजब! ये कौन सा जीव है?"

"जायपत्री," मी खरं ते सांगितलं. हीच चूक झाली.

*

मग तरणतलाव. उथळ बाजूला तळाशी जायपत्री ठेवायची, श्वास रोखायचा, डोकं खाली, पाय वर. तिसऱ्या खेपेला गार्डने मला बाहेर ओढलं.

"अंकल, मेरी ड्यूटी छह बजे खत्म होती है. उसके बाद डूबिए!"

*

आणि अंदमान! पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी. शिकवणाऱ्या पोराने मांजर पिल्लाला धरतं तसं मला मागून धरलेलं. खाली पाहिलं आणि अख्खं आयुष्य टेबलाशी काढल्याचा पहिल्यांदाच राग आला. काय ते रंग! निळे मासे, जांभळी झुडपं, डोळे वटारणारा इवलासा खेकडा! आनंदाने धापा टाकून मी सगळी हवा अर्ध्या वेळात संपवली.

वर आल्यावर पोरगा म्हणाला, "अंकल, खुश कम होइए, हवा ज़्यादा चलेगी."

पहिल्या दिवसाचे सगळे फोटो माझ्याच पायांनी उडवलेल्या वाळूचे. दुसऱ्या दिवशी माझं बोट फार सुंदर आलं.

शेवटच्या दिवशी पोराने एका खडकाकडे बोट केलं. नखाएवढी, केशरी, झालरवाली. चालत होती! मी खूश व्हायचं टाळलं आणि बटण दाबलं.

एकच फोटो. पण लख्ख!

*

परतल्यावर ओट्यावर फोन पुढे केला. देहनकरने एक नजर टाकली.

"जायपत्री."

"अरे, समुद्रातली गोगलगाय आहे!"

"टब तोच दिसते."

"हव," साहू भैयांनी मान डोलावली, "वही है. इस बार लाइट बढ़िया मारी है."

मी पोटतिडकीने शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितके दोघे हसले. देहनकरने निकाल दिला, "मेळाव्यात मसाल्याचे फोटो लावून नाही राहिलो."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. सगळं ऐकलं होतं तिने. ट्रे ठेवला, आत गेली, चष्मा लावून मसाल्याचा डबा घेऊन आली. एकेक जायपत्री काढून फोटोशेजारी धरली. उजेडाकडे वळून पुन्हा पाहिली. साहू भैया चहा प्यायचे थांबले.

तिने डब्याचं झाकण लावलं.

"देहनकर भाऊजी, हे माझ्या डब्यातलं नाही."