ठिकाण कुणी सांगितलं?

सामातनं खुर्ची उचलली आणि बुरुलच्या टेबलावर आदळली. स्क्रीन फुटला, काचा तिच्या मनगटात घुसल्या. ओश शहरातल्या एका अ‍ॅप कंपनीच्या कचेरीत सगळे जागच्या जागी गोठले.

"माझ्या बहिणीचा पत्ता त्या हरामखोराला कुणी दिला? तुमच्या अ‍ॅपनं! बोल ना, तोंड शिवलंय का?"

साहेब नुरदीन मध्ये पडले, तर त्यांच्या नाकावरच ठोसा बसला. तिघांनी मिळून सामातला जमिनीवर दाबलं, तेव्हा तो ढसाढसा रडायला लागला.

बुरुल चाळिशीची, अबोल, कामाला वाघीण. निरोप, टॅक्सी, बाजार सगळं त्या एकाच अ‍ॅपमध्ये. कुणी लिंक पाठवली की ती अ‍ॅपच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडायची. त्या ब्राउझरला काय करू द्यायचं, हे बुरुल ठरवायची. दोन वर्षांपूर्वी नकाशे उघडत नाहीत म्हणून तक्रारी आल्या, तेव्हा तिनं माणसाचं ठिकाण विचारणाऱ्या सगळ्याच पानांना सरसकट होकार देऊन टाकला होता. नंतर नीट करू, म्हणाली होती. राहून गेलं.

पट्टी बांधून ती त्याच दुपारी त्या बहिणीला बघायला इस्पितळात गेली. सामातची बहीण केंजे शिवणकाम करायची. नवऱ्याच्या, दोलोतच्या, माराला कंटाळून ती कारा-सू गावात खोली घेऊन लपली होती. दोलोतनं परक्या नंबरावरून "स्वस्त कापड बघा" म्हणून लिंक धाडली. तिनं उघडली, आणि अ‍ॅपनं तिला न विचारताच तिचं ठिकाण त्या पानाला देऊन टाकलं. तासाभरात त्यानं लाथेनं दार तोडलं.

"इस्त्री तापलेलीच होती, एजे," सुजलेल्या जबड्यातून केंजे थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली. "माझा उजवा हात धरून तिच्याखाली दाबला. वर विचारतो, आता कुठं पळशील?"

"ती वाट मीच उघडी ठेवली होती," बुरुल म्हणाली.

केंजेनं डाव्या हातानं दाराकडे बोट केलं. "मग इथं काय बसलीयस? जा, बंद कर."

बुरुलनं संध्याकाळपर्यंत सगळं बंद केलं. ठिकाण, कॅमेरा, माईक. परक्या पानांना सरसकट नकार. परवानगी उरली ती फक्त कंपनीच्या स्वतःच्या नकाशाला.

"लोक शिव्या घालतील, बाई," नाकात कापूस कोंबलेले नुरदीन म्हणाले. "मालकांना काय सांगू?"

"केंजेचा हात दाखवा, साहेब."

त्या लिंकची नोंद शोधून तिनं पोलिसांना दिली, साक्षीलाही उभी राहिली. कोर्टाच्या व्हरांड्यात दोलोत शिपायाच्या हातून निसटला आणि त्यानं बुरुलचा गळाच धरला. डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. कानातून रक्त आलं. तिला सोडवलं ते केंजेनं. ती मागून झेपावली आणि दात हाडाला लागेपर्यंत त्याच्या मनगटाला चावली. शिपायांनी ओढलं तरी सोडेना.

दोलोतला सात वर्षांची शिक्षा झाली. बुरुलचा डावा कान कायमचा गेला. केंजेच्या उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही. ती डाव्या हातानं कात्री चालवायला शिकली. तसं शिवलेलं पहिलं जाकीट तिनं बुरुललाच घातलं.

"एक बाही आखूड झालीय गं, एजे."

"काय म्हणालीस? या बाजूनं बोल."

"आखूड झालीय म्हणते!"

"होऊ दे," बुरुल म्हणाली आणि तशीच जाकीट घालून कामावर गेली.