न पोळणारा हात

पहूरला लग्नाचा मुहूर्त भटजी काढत, पण तो पक्का व्हायचा सुनंदाबाईंना विचारून. त्यांना त्या दिवशी सवड नसली तर मांडे कोण करणार? पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा, रुमालासारखा पातळ झाला की तापलेल्या उलट्या खापरावर टाकायचा आणि भाजला की बोटांनीच घडी घालून उचलायचा. बाकीच्या बाया बोटांवर फुंकर मारत, ती पाण्यात बुडवत काम उरकायच्या. सुनंदाबाई खापराची कड नुसत्या हाताने फिरवायच्या आणि वर गप्पाही मारायच्या.

हे पाचेक वर्षांपासूनचं. त्याआधी त्याही चारचौघींसारखे चटके खात होत्या, पण गावाला आधीचं कुठे आठवतं? शेजारचे मोतीलालनाना पंगतीत सांगायचे, अक्काच्या हाताला अग्नीचं वरदान आहे. दर लग्नात त्या गोष्टीत एखादा साधू वाढायचा. नवरा जीवराम केळीच्या बागेतून आला की म्हणायचा, हातच काय, तिची जीभही पोळत नाही. सुनंदाबाई हसण्यावारी न्यायच्या आणि मनातून सुखावायच्या. उभा जन्म चुलीपुढे काढलेल्या बाईला नाव मिळतं ते असं किती वेळा?

हाताला फोड यायचे. संध्याकाळी भांडी घासताना दिसायचे; केव्हा आले ते कळायचं नाही. कोपरामागे एक फिकट, कोरडा चट्टा होता. तिथे घामसुद्धा यायचा नाही. त्याला त्या शिबं म्हणत आणि लिंबू चोळत. गेल्या साली उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. पसरवताना नख लागून मांडा फाटायचा. सुनंदाबाई पिठाला नावं ठेवायच्या. औंदाचा गहूच खराब.

यंदा आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया उलटल्यावर, मोतीलालनानांच्या पुतणीचं लग्न निघालं. अंगणात तीन चुली पेटल्या. सुनंदाबाईंची नवी सून भूमिका मागे बसून उंडे करून देत होती. उजवा हात खापरावर ठेवून, मान मागे वळवून, सुनंदाबाई कुणाच्या तरी विहिणीची फजिती रंगवत होत्या. तेवढ्यात वास आला. एकीने पुरण लागलं म्हणून पातेलं हलवलं. दुसरीने चुलीत काय पडलं ते वाकून पाहिलं. आधी केस जळाल्यासारखा होता, मग त्याहून वाईट. सगळ्या शोधत होत्या. सुनंदाबाईही शोधत होत्या.

भूमिकाने त्यांचं मनगट धरून ओढलं. करंगळीखालचं कातडं खापरालाच चिकटून राहिलं.

"ओढू काय राहिली वं?" सुनंदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी हात पाहिला.

अंगणात वीस बाया होत्या, एकीच्याही जिभेला हाड नाही अशा. एकेक करत सगळ्या मागे सरकल्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम बांधली, तरी त्यांना सोडेनात. डोळे मिटायला लावले. कापसाची बारीक वात हातावर लागेल तिथे बोट ठेवा, म्हणाल्या. सुनंदाबाई डोळे मिटून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "करा ना सुरू."

वात चट्ट्यावरून, तळहाताच्या कडेवरून तीनदा फिरली होती. भूमिकाने ते पाहिलं आणि पदर तोंडात धरला.

डॉक्टरीणबाईंनी कोपराची शीर चाचपली. दोरीसारखी जाड लागली. कुष्ठरोग, त्या शांतपणे म्हणाल्या. हे जंतू फार सावकाश वाढतात, कातडीतल्या नसांमध्ये घर करतात. आधी स्पर्श जातो, मग बोटांची ताकद. वर्षभर गोळ्या, त्याही फुकट. जंतू मरतील, पसरणं थांबेल. पण मेलेल्या नसेचं सांगता येत नाही. मग विचारलं, चटका लागेनासा कधीपासून झाला?

सुनंदाबाईंनी मनातल्या मनात लग्नं मोजली. नाव झालं त्या सालापर्यंत येऊन थांबल्या.

"तवाच आली असती त?"

"तेव्हा बोटं सरळ होती ना?" एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि विस्तवापासून लांब राहायला सांगितलं.

गाव तसं समजूतदार. औषध सुरू झालं की भीती नसते, हे भूमिकाने दारोदार सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मांड्यांना शेंदुर्णीची बाई ठरवली. मोतीलालनाना चार दिवस बाभळीचा काटा घेऊन स्वतःला टोचत बसले होते. ठणाठणा दुखतं याची खात्री पटली, तेव्हा कुठे जेवले. वरदानाची गोष्ट त्यांनी परत काढली नाही.

दिवाळीत भूमिकाने घरापुरतं खापर चढवलं. सुनंदाबाई लांब पाटावर बसून, वाकडी बोटं मांडीखाली दडपून, सांगत होत्या. दोन मांडे फाटले. तिसरा अख्खा निघाला. भूमिकाने तो फुंकर न मारता उचलला. बोटं लाल झाली होती.

"पोळलं?"

"नाही आई, काहीच नाही." सून फुशारकीने हसली.

सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, खराट्याची काडी मोडून आणली आणि सुनेचा हात मांडीवर ओढला.

"डोये मीट."

भूमिकाने मिटले. चुलीवर खापर धुरकटत होतं.

"कुठं लागलं, सांग. खरं सांग."